चिंचोक्यावर पोकर: नव्या माणसाले अक्कल अन् सबुरीच्या भरवशावर जिंकता येते का?

सरळ उत्तर पाहिजे असन त हे घे: हो, येते, पण तुले वाटते तितक्या लवकर नाही, अन् पैसा म्हणशील त चहापाण्याइतकाही धड नाही. छोट्या स्टेकवर, म्हणजे थोडकेच पैसे लावून, जिंकता येते ते काऊन, त समोरचे लोकं लय डाव खेळतात. ज्याच्या हातात काहीच नाही तोही "पाहून त घेऊ" म्हणून शेवटपर्यंत चिकटून राहते, अन् तुझी सारी कमाई त्याच्या या एका सवयीतून येते. डोळ्यात पाहून मनातलं ओळखणं, काळा चष्मा घालून बसणं, हे सारं पिक्चरचं काम आहे, ते डोक्यातून काढून टाक.

आधी कायद्याचं सांगतो, नाहीतर अर्धे पोट्टे हे वाचता वाचताच मोबाइलवर ॲप शोधत बसतीन. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ तारखेले राष्ट्रपतींची सही झाली, अन् त्यात स्पष्ट लिहिलं आहे की पैसे लावून खेळाचा ऑनलाइन गेम, मंग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवता येत नाही. चालवणाऱ्याले तीन वर्षांपर्यंत जेल अन् एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याले दोन वर्षं अन् पन्नास लाख. खेळणाऱ्याले शिक्षा ठेवली नाही, पण म्हणून कोणी टेलिग्रामवर "बाहेरचं ॲप आहे भाऊ, डिपॉझिट टाक" म्हणत असन त तिकडे फिरकू नको, तिथं जिंकलेले पैसे अडकले त तक्रार कोणाकडं नेशील. गावातच पैसे लावून बसाचं म्हणशील त आपल्याकडं १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाले सूट आहे खरी, पण पोकर त्यात बसते का याच्यावर कोर्ट-कायद्यातच एकमत नाही. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये पोकरले जुगार म्हटलं, अन् तिकडं पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर नाव घेऊन जुगारातून वगळला आहे. पोळ्याच्या रात्री धाड पडली की जमादार काही हायकोर्टाचे निकाल वाचत बसत नाही.

म्हणून चिंचोक्यावर शिक. सहा जण जमव, तुरीचा दाणा म्हणजे १ अन् चिंचोका म्हणजे ५ असा भाव ठरव, प्रत्येकाले २०० चा माल दे, अन् पत्ते पाहायच्या आधीच दोघांनी टाकाचा ब्लाइंड ठरव, छोटा १ अन् मोठा २. अडचण एकच राहते, फुकटच्या चिंचोक्यावर सारेच वाघ होतात, पहिल्याच डावात "घे ऑल-इन" म्हणून सारा माल एकदम लावून मोकळे, अन् मंग त्यात शिकण्यासारखं काहीच उरत नाही. त्याच्यावर उपाय असा की हिशेब एका रात्रीचा नाही, हंगामाचा ठेवाचा, पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत कोण किती वर अन् कोण किती खाली हे वहीत लिहाचं, अन् ज्याचे २०० संपले तो त्या रात्री फक्त पत्ते पिसन अन् वाटन. दुसऱ्याले वाटून देत नुसतं पाहत बसणं पोट्ट्यांले इतकं जड जाते की दोन बैठकीत खेळ आपोआप सुधरते.

आता कोणी म्हणन की पत्ते ते पत्ते, त्यात कशाची आली अक्कल. हे तपासाची एक सोपी रीत आहे: मुद्दाम हरून दाखव. झन्ना-मन्नात किंवा कटपत्त्यात तुले ठरवून हरता येत नाही, पत्ता जिकडं पडन तिकडं पडन. पोकरात मात्र कोणीही ठरवून तासाभरात सारे चिंचोके घालवू शकते, म्हणजे तुझ्या निर्णयाले काहीतरी वजन आहे. सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये रमीबद्दल जवळपास हाच विचार केला होता, की कोणते पत्ते गेले ते लक्षात ठेवणं, कोणता धरायचा अन् कोणता टाकायचा हे ठरवणं यात कौशल्य आहे, अन् त्याच निकालात तीन पत्तीले मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. पोकरचं म्हणशील त जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंसोबत वीस दिवस खेळला, १ लाख २० हजार डाव झाले, अन् चौघेही हरले. नशिबाचा खेळ असता त मशीनले काय फायदा होता. पण हा आकडा ध्यानात ठेव, १ लाख २० हजार, याच्यावर आपण परत येऊ.

नियम झटपट सांगतो, तीन पत्ती येते त अर्धा पोकर येतेच. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाले दोन पत्ते बंद, अन् मंधात सगळ्यांचे मिळून पाच उघडे: आधी तीन एकदम, त्याले फ्लॉप म्हणतात, मंग एक टर्न, मंग एक रिव्हर. या सातातून जे पाच चांगले ते तुझे. प्रत्येक टप्प्यावर बोली होते, चेक म्हणजे काहीच न लावता पुढं, कॉल म्हणजे समोरच्यानं लावले तितकेच टाकणं, रेझ म्हणजे वाढवणं, नाहीतर फोल्ड म्हणजे पत्ते टाकून देणं. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांले पत्ते पाहायच्या आधीच छोटा अन् मोठा ब्लाइंड टाकावा लागते, अन् वाटणी दर डावाले एकेक घर पुढं सरकते.

तीन पत्तीवाल्याले धक्का बसते तो इथं: पोकरात कलर (सारे पत्ते एकाच रंगाचे, जसे सारे बदाम) सिक्वेन्सले (लागोपाठचे पत्ते) मारते. पाच पत्त्यांचे एकूण २५,९८,९६० हात होतात, त्यात साधा कलर ५,१०८ अन् साधा सिक्वेन्स १०,२००, म्हणजे कलर दुर्मिळ म्हणून मोठा. तीन पत्त्यांत उलटं आहे, २२,१०० हातांपैकी कलर १,०९६ अन् सिक्वेन्स ७२०. अन् गंमत पाहा राजेहो, आपल्या तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, सगळ्यात मोठी धरतो पण ट्रेल ५२ अन् एकाच रंगाचे म्हणजे प्युअर सिक्वेन्स ४८ च आहेत, म्हणजे हिशेबानं प्युअर मोठा पाहिजे होता, आता सांगून कोण ऐकते. पोकरचा क्रम खालून वर असा: जोडी, दोन जोड्या, तिकडी, सिक्वेन्स, कलर, फुलहाऊस म्हणजे तिकडी अधिक जोडी, चौकडी, अन् वरती एकाच रंगाचा सिक्वेन्स.

आता मेन गोष्ट. शंभर डाव वाटले त ऐंशी पहिल्यांदाच टाकून दे. खरंच ऐंशी. दोन पत्त्यांचे १,३२६ जोड होतात अन् त्यातले बहुतेक कामाचे नाहीत. तू वाटणाऱ्याच्या डावीकडं जवळ बसला असशील, म्हणजे तुले आधी बोलावं लागते, त सत्तीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, अन् एकाच रंगाचे एक्का-गुलाम नाहीतर राजा-राणी, एवढंच खेळ. वाटणारा तूच असशील किंवा त्याच्या उजवीकडचा असशील त बाकीचे काय करतात हे पाहून तुले बोलता येते, तिथं लहान जोड्या, एकाच रंगाचे लागून आलेले दश्शी-नव्वीसारखे पत्ते, हेही चालतात. जागेचा इतका फरक का पडते हे नव्या माणसाले पटत नाही. शेवटी बोलणाऱ्याले फुकट माहिती भेटते, अन् या खेळात माहितीचेच पैसे आहेत.

दोन फसवे हात आहेत त्यांच्यापासून सांभाळून राहजो. एक म्हणजे एक्का अन् सोबत काहीतरी फालतू. समज तुझ्याकडं एक्का-चव्वी आहे, फ्लॉपले एक्का, नव्वी, तिर्री आलं, तू खुश, समोरचा बोली लावते, तू कॉल, परत लावते, परत कॉल, अन् शेवटी त्याच्याकडं एक्का-राणी निघते, जोडी दोघांची तीच पण सोबतचा पत्ता त्याचा मोठा. असा डाव जिंकला त थोडे भेटतात अन् हरला त सारे जातात. दुसरा फसवा हात म्हणजे "दोन्ही बदाम आहेत ना" म्हणून खेळलेला कचरा. दोन पत्ते एका रंगाचे असले तरी फ्लॉपवर पूर्ण कलर लागण्याची शक्यता १ टक्क्याच्याही आत आहे, अन् रिव्हरपर्यंत धरली तरी सहा-साडेसहा टक्के. राजा-तिर्री बदामाची असली म्हणून ती राजा-राणी होत नाही.

चांगला हात आला की मात्र लाजू नको, रेझ कर, अन् मोठ्या ब्लाइंडच्या चार-पाच पट कर. आपल्याकडच्या बैठकीत एक जण कॉल म्हटला की सारेच कॉल म्हणतात, अन् इथंच एक्क्याची जोडी घेऊन बसलेले रडतात. एक्क्याची जोडी एकाच माणसाविरुद्ध, त्याचे पत्ते कोणतेही असो, शंभरातून ८५ वेळा जिंकते, पण पाच जणं सोबत आले त ४९ वर येते. पॉट, म्हणजे मंधात जमलेला माल, मोठा होते म्हणून तरीही फायद्यातच आहे, पण अर्ध्याहून जास्त वेळा हरणार हे आधीच ठाऊक पाहिजे, नाहीतर "एक्के फुटले" म्हणून पुढचे दहा डाव डोकं ठिकाणावर राहत नाही.

हिशेब किती करावा लागते? चौथीचा. फ्लॉपनंतर तुझा हात पूर्ण करणारे किती पत्ते गड्डीत उरले ते मोज, पुढच्या एका पत्त्यासाठी त्याले दोननं गुण, दोन्ही पत्त्यांसाठी चारनं गुण, ती झाली तुझी टक्केवारी, अंदाजे. चार बदाम झाले अन् पाचवा पाहिजे, म्हणजे उरले नऊ, एका पत्त्यावर १८-१९ टक्के अन् दोन्ही धरून ३५. दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स असन त आठ पत्ते, अन् मधलाच एक पत्ता पाहिजे असन त फक्त चार, म्हणजे एका पत्त्यावर आठ-साडेआठ टक्के. आता दुसरी बाजू. पॉटमध्ये ३० आहेत, समोरच्यानं १० लावले, तुले १० टाकून एकूण ५० चा पॉट भेटू शकते, म्हणजे पाचातून एकदा जिंकला तरी बरोबरी. बदामवाला इथं कॉल करू शकते, बरोबरीच्या जवळ आहे अन् कलर लागला की वरून अजून भेटतीन. मधला एक पत्ता शोधणाऱ्यानं टाकून द्याचं. अन् पॉट २० चा असताना समोरच्यानं २० च लावले त तुले तिनातून एकदा जिंकणं भाग आहे, तिथं टर्नवर बदामवाल्यानंही सोडाचं. एवढं जरी रोज केलं तरी बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या पुढं निघशील, काऊन की ते लोकं पॉट पाहतच नाहीत, आपले पत्ते पाहतात.

ब्लफचं, म्हणजे हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याले पळवाचं, सांगतो, करू नको. म्हणजे कधीच नाही असं नाही, पण जो माणूस काहीही झालं तरी कॉल करते त्याच्यासमोर ब्लफ म्हणजे चिंचोके वाटणं. त्याच्यासमोर उलटं कर, हात लागला की भरपूर लाव, तो देतेच. अन् काकाजींवर लक्ष ठेव. प्रत्येक बैठकीत एक काकाजी राहतात, खर्रा घोटत रात्रभर नुसते कॉल-कॉल करतात, कधी रेझ नाही, अन् एखाद्या डावाले रिव्हर पडला की शांतपणे तिप्पट रेझ करतात. तुझ्याकडं एक्क्याची जोडी असो नाहीतर राजाची, टाकून दे, काकाजीकडं तिकडी तरी आहेच. "त्यांना वाटते मी घाबरतो का" असं मनात आलं की समजजो आता पैसे जाणार. याच्या उलट जो पोट्टा प्रत्येक डावाले रेझ करते त्याले जास्त इज्जत देऊ नको, साधी बरी जोडी असली तरी त्याले शेवटपर्यंत नेता येते.

सबुरीचा अर्थ मात्र लोकं चुकीचा लावतात. सबुरी म्हणजे एक्क्याची जोडी येतपर्यंत हात बांधून बसणं नाही. ती जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते. सहा जणांत बसला असशील त तेवढ्या वेळात तुझे ५५ मोठे ब्लाइंड नुसते ब्लाइंड भरण्यातच जातात, अन् मंग एक्के आल्यावर तू रेझ केला की सारे समजून फोल्ड करतात, हातात येते दीड ब्लाइंड. कोरडवाहूचा कास्तकार पहिल्या सरीवर पेरत नाही अन् सारं मृग कोरडं गेलं म्हणून वावर पडीकही ठेवत नाही, जमिनीत ओल किती गेली ते पाहून तिफन काढते, तसंच आहे हे. बरे पत्ते, बरी जागा, अन् समोर कॉल करणारा माणूस, या तिनातून दोन तरी जुळले की उतराचं.

अन् खरी सबुरी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. हा हिशेब नीट वाच. समज तू चांगला खेळाडू झाला, शंभर डावांमागं ५ मोठे ब्लाइंड जिंकते, जे छान आहे. पण पत्त्यांचा चढउतार शंभर डावांमागं ९० ब्लाइंडच्या आसपास राहते. मंग १,००० डाव झाल्यावरही तू तोट्यात असण्याची शक्यता ४३ टक्के आहे. दहा हजार डावांनंतर २९ टक्के. एक लाख डावांनंतर कुठं ती ४ टक्क्यांवर येते. घरच्या बैठकीत हातानं वाटून तासाले पंचवीसच्या आसपास डाव होतात, दर रविवारी चार तास बसला त दहा हजार डावांले दोन वर्षं, अन् एक लाखाले वीस. म्हणून त्या लिब्राटसले १ लाख २० हजार डाव खेळवले होते, कमी डावांत कोण चांगला हे कोणालाच सांगता येत नाही. दिवाळीत तीन रात्री जिंकून "आपल्याले जमते" म्हणणारा अन् तीन रात्री हरून "आपलं नशीबच खराब" म्हणणारा, दोघांजवळही पुरावा नाही.

पैशाचंही इथंच लावून पाहू. मोठा ब्लाइंड १० रुपयांचा धर, शंभर डावांमागं ५ ब्लाइंड म्हणजे ५० रुपये, तासाले पंचवीस डाव म्हणजे साडेबारा रुपये तास. आठ तास बसून शंभर रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये होता. अन् हे नाल कापायच्या आधीचं. आपल्या अड्ड्यावर जागेवाला जशी नाल काढते तशी कॅसिनो रेक काढते, बरेचदा पॉटच्या ५ टक्के. नऊ जणांचं टेबल, सरासरी पॉट २०० चा धरला त डावामागं १० रुपये गेले, म्हणजे माणशी शंभर डावांले १११ रुपये, अन् तुझी कमाई होती पन्नास. छोट्या स्टेकवर चांगला खेळाडूही काऊन बुडते ते कळलं ना, तो माणसांशी जिंकते अन् रेकशी हरते. मोठ्या टेबलावर रेकले वरची मर्यादा राहते म्हणून तिथं तो कमी चावते, पण तिथं बसलेले लोकं कच्चे नसतात. म्हणून गोव्याच्या जहाजावर जाशीलच त खर्च म्हणून जा, जसं जत्रेत जातो तसं, येण्याजाण्याचं भाडं अन् टेबलाचे पैसे गेलेच असं धरून. अन् गावात कोणाच्या खोलीवर नाल देऊन बसू नको, नफ्यासाठी जागा अन् पत्ते देणं म्हणजे त्या १८८७ च्या कायद्यात अड्डाच होते. बियाण्याचे, पीक कर्जाचे, कोणाकडून हातउसने घेतलेले पैसे त मांडूच नको, त्याच्यावर बोलायची पण गरज नाही.

मंग तू सुधरतो आहे का हे पाहाचं कसं, आकडा त खोटं बोलते. वहीत जिंकले-हरले एका ओळीत लिही, पण त्याच्या खाली रात्रीचे दोन-तीन मोठे डाव लिही: माझे पत्ते काय, जागा कोणती, पॉट किती, समोरच्यानं किती लावले, मी काय केलं अन् तेव्हा मनात काय होतं. सकाळी चहा घेताना वाच. डाव जिंकला की हरला हे झाकून ठेव अन् फक्त ठरवलं ते बरोबर होतं का एवढं पाह. ३५ टक्क्यांवर योग्य भावानं कॉल करून हरला असशील त तो बरोबरचा डाव आहे, पुढच्या वेळी परत तसाच खेळाचा. साडेआठ टक्क्यांवर कॉल करून मधला पत्ता लागला, सारे वा वा म्हणाले, तो चुकीचा डाव आहे, त्याच्यावर लाल पेननं रेघ मार. महिनाभरात लाल रेघा कमी झाल्या असतीन त खेळ सुधरला, चिंचोके वाढले असो की नसो. डोकं गरम झालं की उठून जाण्याचा नियमही आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवजो, दोनदा पूर्ण माल गेला की त्या रात्री बंद, काऊन की त्या वेळेस ठरवाले गेला त कोणीच उठत नाही.

अन् हो, पत्ते प्लास्टिकचे घेजो. कागदी गड्डी दोन बैठकीत कोपऱ्याले दुमडते, खर्र्याचे बोटं लागतात, मंग इस्पिकचा एक्का मागूनच ओळखू येते अन् जो पोट्टा रोज वाटते त्याले तो सगळ्यात आधी ओळखू येते. एक जण पिसन, दुसरा कापन, अन् खालचा पत्ता कोणाले दिसणार नाही असं धरून वाटाचं. दोन गड्ड्या असल्या त लय बरं, एक वाटून होतपर्यंत दुसरी पिसून तयार राहते अन् तासाले पाच-सात डाव जास्त होतात.